ट्रॉलपसाहेबांची न झालेली परीक्षा आणि आपली पोस्टाची भरती

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलंय की पूर्वी पोस्टात कारकून व्हायचं म्हणजे खायचं काम नव्हतं, अक्षर मोत्यासारखं लागायचं, हिशोब तोंडपाठ लागायचा, साहेब समोर बसवून पारखून घ्यायचा आणि मगच खुर्ची मिळायची, आणि आता काय, दहावीचे मार्क कॉम्प्युटरला दिले की झाला पोस्टमास्तर. मी स्वतः ३४ वर्षं पोस्टात काढली, काउंटरला बसलो, सॉर्टिंग केलं, सेव्हिंग बँकेच्या पासबुकात व्याज भरून भरून बोटं वाकडी झाली, आणि माझी निवडसुद्धा मार्कांवरच झाली होती बरं का, त्यामुळे ते पत्र जरा लागलंच. पण ते सोडा. रिटायर झाल्यापासून जुन्या पोस्टाबद्दल मिळेल ते वाचायचा नाद लागलाय, म्हणून त्यांना उत्तर द्यावंसं वाटलं. पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो.

"पूर्वी" म्हणजे किती पूर्वी ते त्या गृहस्थांनी लिहिलेलं नाही. आपण चांगलं १९० वर्षं मागे जाऊ. साल १८३४, गाव लंडन, सेंट मार्टिन्स ल ग्रँडवरचं जनरल पोस्ट ऑफिस. अँथनी ट्रॉलप नावाचा १९ वर्षांचा पोरगा तिथं कारकुनाच्या जागेसाठी आलेला. पुढे हा इंग्रजीतला मोठा कादंबरीकार झाला पण तेव्हा घरची अवस्था वाईट, बाप कर्जात बुडून सगळ्यांना घेऊन बेल्जियमला पळालेला, आई कादंबऱ्या लिहून घर चालवायची. शाळेत पोराचा उजेड पडलेला नव्हताच. मग पोस्टात कसा आला? तर तेव्हा पोस्टाचा खरा कारभार सेक्रेटरी सर फ्रान्सिस फ्रीलिंग यांच्या हातात, आणि त्यांच्या सुनेची नि ट्रॉलपच्या आईची मैत्री. बाई सासऱ्यांकडे बोलल्या. एवढीच पात्रता. जाहिरात नाही, फॉर्म नाही, हॉल तिकीट नाही.

आता परीक्षेचं ऐका. ही हकीकत त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलीय, मी पदरचं काही घालत नाही. फ्रीलिंगसाहेबांच्या एका मुलानं, क्लेटननं, त्याला ऑफिसात नेलं आणि दुसऱ्या मुलापुढे, हेन्रीपुढे उभं केलं. म्हणजे बघा शिफारस घरातली, नेणारा घरातला आणि परीक्षकही घरातलाच. त्याला एक जुनं पिसाचं टाक दिलं आणि टाइम्स पेपरातल्या चार ओळी उतरवून काढ म्हणाले. यानं डागच डाग पाडले, स्पेलिंगही चुकवली. हेन्री म्हणाला हे काही चालायचं नाही. क्लेटन म्हणाला घाबरलाय पोरगा, घरून लिहून आणू दे उद्या. मग विचारलं हिशोब येतो का? याला पाढेसुद्धा कधी आले नव्हते, त्रैराशिक तर लांबच, तरी बिचारा म्हणाला थोडा थोडा येतो. त्यावर दम मिळाला की उद्या अक्षर पसंत पडलं तर गणिताची परीक्षा होईल, आणि सगळे नियम झटपट आले नाहीत तर पोस्टात तुझं काही खरं नाही.

घरी जाऊन थोरल्या भावाच्या देखरेखीखाली त्यानं रोमच्या इतिहासावरच्या एका जाड ग्रंथातली चार-पाच पानं सुंदर अक्षरात उतरवली. दुसऱ्या दिवशी धडधडत्या छातीनं ती घेऊन गेला. कुणी बघितलीसुद्धा नाहीत हो ती पानं! गणिताचं तर नावच नाही. एका टेबलाशी बसवलं आणि काम चालू. पगार वर्षाला ९० पौंड.

अक्षराची अट मात्र उगाच नव्हती, हे एवढं त्या पत्रलेखकांचं बरोबर. तेव्हा टाइपरायटर नाही, कार्बन पेपर रुळलेला नाही, झेरॉक्स तर सोडाच. सेक्रेटरीच्या ऑफिसातला नवा कारकून म्हणजे चालतंबोलतं कॉपी मशीन, आलेली-गेलेली पत्रं मोठाल्या वह्यांत जशीच्या तशी उतरवायची हेच दिवसभराचं काम. माझ्याकडे लागलेल्या नव्या मुलांना मी नेहमी सांगायचो की ज्या कामाला माणूस घेताय त्या कामाचीच परीक्षा घ्यावी, आणि लंडनवाल्यांनी कागदावर तेच तर ठरवलेलं होतं. अट चोख होती, फक्त ती ओळखीच्या पोराला लावायची नाही असं ठरलेलं होतं.

पुढची सात वर्षं हा पोरगा ऑफिसात नालायक म्हणूनच ओळखला गेला. रोज उशिरा येणार, वरिष्ठांशी भांडणार. कर्नल मेबर्ली नावाचे नवे सेक्रेटरी आले त्यांना तर हा डोळ्यासमोर नको असायचा. त्यात कर्ज. शिंप्याच्या १२ पौंडांच्या बिलाचा कागद एका सावकाराच्या हातात गेला आणि ते देणं चढत चढत २०० पौंडांच्या वर गेलं. सावकार रोज ऑफिसात येऊन याच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणायचा जरा वेळेवर देत जा बाबा. आमच्याकडे असं कुणाच्या काउंटरमागे सावकार येऊन उभा राहिला असता तर संध्याकाळच्या आत कॅश दुसऱ्याकडे गेली असती. पैसे हाताळणाऱ्या माणसाचा जामीन घेतात, सिक्युरिटी बाँड घेतात, ते उगाच नाही.

मग १८४१ साली आयर्लंडमध्ये सर्व्हेयरच्या, म्हणजे एका भागातल्या पोस्टांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हाताखाली एक क्लार्कची जागा निघाली. लंडनमधला कुणी तिकडे जायला तयार नाही, यानं अर्ज केला, आणि मेबर्लीसाहेबांनी पीडा टळली म्हणून लगेच पाठवला. वर तिकडच्या साहेबाला कळवलं की माणूस कुचकामी आहे. तो साहेब मात्र भला निघाला. त्यानं ट्रॉलपला समोर सांगितलं की तुझ्याबद्दल वाईट कळवलंय, पण मी तुझं काम बघून ठरवीन. वर्षाच्या आत ट्रॉलप कामाचा माणूस म्हणून नावाजला गेला. घोड्यावरून गावोगाव हिंडून टपालाचे रस्ते आखले, पत्रं पोचतात की नाही ते दारोदार जाऊन तपासलं. ब्रिटिश राजसत्तेखालच्या चॅनल बेटांवर १८५२ साली रस्त्यावर लोखंडी पत्रपेट्या उभ्या राहिल्या त्याही त्याच्या सूचनेवरून. आणि १८५८ साली इजिप्तला जाऊन त्यानं अलेक्झांड्रिया ते सुएझ आगगाडीनं टपाल नेण्याचा करार केला, त्या वाटेनं हिंदुस्थानची टपाल यायची, म्हणजे आपल्या मुंबई बंदरात उतरणाऱ्या बॅगांशी या पाढे न येणाऱ्या कारकुनाचा असा संबंध आहे.

आता इथंच घोळ होतो. ही गोष्ट मी मित्रमंडळीत सांगितली की कुणीतरी म्हणतंच, बघा, परीक्षा घेतली असती तर हा हिरा गेला असता, म्हणजे परीक्षा बिरीक्षा सगळं थोतांड. खुद्द ट्रॉलपचंही तेच म्हणणं होतं, की परीक्षा झाली असती तर मी नक्की नापास झालो असतो, आणि तरी मी काम चांगलं केलं. स्पर्धा परीक्षेच्या तो कायम विरोधात राहिला. वर त्यानं असंही लिहिलंय की काही जागा अशा असतात की त्या खानदानी सभ्य गृहस्थांनाच शोभतात. हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. अहो तुम्ही एकटे हिरा निघालात हे कबूल, पण त्याच दारातून ओळखीनं आत आलेले आणि जन्मभर खुर्ची उबवून पेन्शन घेऊन गेलेले किती असतील, त्यांनी कुठं आत्मचरित्रं लिहिली? आणि ज्याला पाढेही येत होते, अक्षरही चांगलं होतं, पण ज्याच्या आईची साहेबाच्या सुनेशी ओळख नव्हती, तो पोरगा कुठं गेला? त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. शिवाय ट्रॉलप सुधारला तो वशिल्यानं नाही, आयर्लंडच्या साहेबानं काम बघून ठरवतो म्हटलं म्हणून सुधारला.

असल्या भरतीवर तिकडेच बोंब झाली. सर स्टॅफर्ड नॉर्थकोट आणि सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांचा अहवाल १८५४ साली बाहेर आला. ट्रेव्हेलियन म्हणजे मूळचा कंपनी सरकारचा हिंदुस्थानातला नोकर, मेकॉलेचा मेव्हणा, पुढे मद्रासचा गव्हर्नर. त्यांनी सरळ लिहिलं की सरकारी नोकरीकडे मुख्यतः आळशी, बिनमहत्त्वाकांक्षी आणि दुसरीकडे निभाव न लागणारे लोक वळतात, म्हणून खुली परीक्षा घ्या. ट्रॉलपला याचा इतका राग की त्यानं एका कादंबरीत या ट्रेव्हेलियनची टिंगल करून टाकली. पुढच्या वर्षी सरकारी नोकरीच्या परीक्षा घेणारं सिव्हिल सर्व्हिस कमिशन आलं, पण परीक्षेला बसवायचं कुणाला ते अजून वरचेच लोक ठरवायचे, म्हणजे एका जागेला तीन नावं पाठवा आणि त्यांच्यात स्पर्धा लावा. यातली गंमत ऐका. आपला माणूस हमखास लागावा म्हणून तिकडच्या ट्रेझरीत, म्हणजे अर्थखात्यात, दोन ठोंबे कायमचे हाताशी धरलेले होते, कधीच पास होणार नाहीत अशी खात्री असलेले, आणि दर वेळी त्या दोघांना आपल्या उमेदवाराबरोबर बसवायचे. लोक त्यांना ट्रेझरीचे इडियट्स म्हणायचे! आपल्याकडे डमी उमेदवार पास व्हायला बसवतात, त्यांनी नापास व्हायला बसवले. डोकं मानलं पाहिजे. खऱ्या अर्थानं खुली परीक्षा १८७० च्या हुकमानंतर सुरू झाली.

आणि बायकांचं काय? तारखातं १८७० साली ब्रिटिश पोस्टाकडे आलं आणि त्याबरोबर तारा पाठवणाऱ्या मुलीही आल्या. फ्रँक स्कुडामोर नावाच्या अधिकाऱ्यानं बायका का घ्याव्यात याची कारणं लिहून ठेवलीत ती वाचण्यासारखी आहेत, नजर आणि कान तेज, बोट हलकं, एका जागी बसायला कुरकुर नाही, लिहितात पुरुषांपेक्षा बरं, स्पेलिंग जास्त बरोबर, ज्या पगारात पुरुष खालच्या थरातला मिळतो त्याच पगारात बाई वरच्या घरातली मिळते, आणि लग्न झालं की आपणच नोकरी सोडतात म्हणून पगार चढत जात नाही की पेन्शनचा बोजा नाही. म्हणजे कौतुक करता करता हिशोबही केला. सोडतात म्हणता म्हणता पुढे सोडलीच पाहिजे असा नियम झाला, आणि तो तिकडच्या सरकारी नोकरीत १९४६ पर्यंत टिकला. अक्षर बघा, गणित बघा, आणि मग मंगळसूत्र बघा.

यात एका माणसाचं नाव मला आवर्जून घ्यायचंय, हेन्री फॉसेट. तरुणपणी शिकारीच्या अपघातात दोन्ही डोळे गेले, तरी प्राध्यापक झाला, खासदार झाला आणि १८८० साली पोस्टमास्टर जनरल झाला. अंध माणूस अख्ख्या पोस्टाचा मुख्य! बायकांसाठी क्लार्कच्या जागांची खुली परीक्षा १८८१ साली त्याच्याच काळात सुरू झाली, त्याआधी तिथंही चांगल्या घरच्या मुलींची नावं सुचवायची पद्धत होती. हिंदुस्थानच्या पैशांची उधळपट्टी होते म्हणून हा पार्लमेंटात इतका भांडायचा की त्याला हिंदुस्थानचा खासदारच म्हणायचे. आणि १८६८ सालीच त्यानं मागणी केली होती की आय.सी.एस.ची परीक्षा लंडनबरोबर कलकत्ता, मुंबई, मद्रासलाही एकाच वेळी घ्या. कारण परीक्षा कितीही खुली असली तरी ती जर सातासमुद्रापलीकडे असेल तर आपल्या पोरानं द्यायची कशी? ही मागणी पुढे दादाभाईंनी किती वर्षं लावून धरली हे आपल्याला शाळेत शिकवलंय.

आता आपल्याकडे येतो. देशभर एकच दर, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, हे १ ऑक्टोबर १८५४ पासून सुरू झालं आणि पोस्ट खऱ्या अर्थानं सामान्यांचं झालं. पण गावोगाव पोस्टमास्तर आणायचे कुठून? खात्यानं सोपा मार्ग काढला, गावचा शाळामास्तर धरला. त्याला लिहिता-वाचता येतं, तो गावात एका जागी सापडतो, पगार शाळेकडून मिळतो म्हणून पोस्टानं थोडा भत्ता दिला की भागतं, आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो. माझे आजोबा कोकणात व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा, पास झालेले मास्तर होते आणि शाळेच्याच कोपऱ्यात पोस्टाची पेटी, शिक्का आणि तराजू घेऊन बसायचे. मुंबईच्या गिरणीतून आलेली मनीऑर्डर वाटायची, अंगठा घ्यायचा, साक्षीदाराची सही घ्यायची, आणि मग त्याच बाईला नवऱ्याचं पत्रही वाचून दाखवायचं. मोडीतले पत्ते वाचता येणं ही तर कुठल्याच कागदावर नसलेली अट, म्हाताऱ्या मंडळींची पत्रं मोडीतच यायची, आणि मोडी म्हणजे एकाचं अक्षर दुसऱ्याला लागेल तर शपथ. दुसरी न लिहिलेली अट म्हणजे तोंड बंद ठेवणं. कुणाच्या घरी किती पैसे आले, कुणाचा नवरा काय लिहितो, हे मास्तरांना सगळं माहीत. इंग्लंडात पोस्टाच्या नोकराला पत्रं फोडणार नाही म्हणून शपथ घ्यावी लागायची, राणी ॲनच्या काळापासून तसा कायदाच होता. आजोबांनी शपथ कधी घेतली की नाही ते मला कुणी सांगितलं नाही, पण आजीला त्यांनी शेवटपर्यंत कुणाच्या पत्रातलं काही सांगितलं नाही आणि त्यावरून ती चिडायची.

इथंच नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण काढली पाहिजे. आपल्या देशातल्या कामगार चळवळीचे जनक, जोतीरावांचे साथीदार, रविवारची सुट्टी मिळवून देणारे, तेही गिरणीत जाण्याआधी रेल्वेत आणि मग पोस्टात नोकरीला होते. खात्यानं २००५ साली त्यांच्यावर तिकीट काढलं. मी काउंटरला ते तिकीट विकलंय, आणि घेणाऱ्याला दर वेळी सांगायचो की हे आमच्यातलेच.

तर आताची ग्रामीण डाक सेवकाची, म्हणजे खेड्यातल्या पोस्टात काम करणाऱ्यांची, भरती. परीक्षा नाही हे खरंय, दहावीच्या मार्कांवर यादी लागते. पण त्या गृहस्थांनी फक्त मार्कच बघितले, बाकीच्या अटी बघितल्या का? दहावीला गणित आणि इंग्रजी पाहिजे, स्थानिक भाषा शिकलेली पाहिजे, कॉम्प्युटर आला पाहिजे, सायकल चालवता आली पाहिजे. हसू नका सायकलला, दोन वाड्यांमधली घाटी ज्यानं पार्सल घेऊन चढलीय त्याला विचारा. ब्रँच पोस्टमास्तरला पोस्टासाठी जागा स्वतः द्यावी लागते, त्याच गावात राहावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाची अट, उपजीविकेचं दुसरं साधन पाहिजे. कागदावर काम चार-पाच तासांचं, सुरुवात ब्रँच पोस्टमास्तरला १२ हजारांपासून, सहायकाला १० हजारांपासून, म्हणून पोट भरायला दुसरं काहीतरी असलं पाहिजे असं खातंच सांगतं. शाळामास्तरांच्या वेळची ही व्यवस्था, तेव्हा शाळेचा पगार होता म्हणून जमून जायचं. आता शाळा गेली, मास्तर गेला, अट मात्र तशीच राहिली. ९५ टक्के मिळवलेली मुलगी दुसरं साधन कुठून दाखवणार? नोकरी नाही म्हणून तर ती अर्ज करतेय!

माझा मार्कांच्या पद्धतीवरही डोळे झाकून विश्वास नाही. बोर्ड वेगळं, वर्ष वेगळं, मार्कांची खिरापत वेगळी. पण निदान यादी सगळ्यांना दिसते, कुणाची सून कुणाशी बोलली यावर ती ठरत नाही. अमुकच पद्धत उत्तम असं मी म्हणत नाही. माझं भांडण एवढंच आहे की "पूर्वी" म्हणून जो सोन्याचा काळ दाखवतात तो खोटा आहे. परीक्षा कडक होती ती ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठी.

आमच्या शेजारच्या मुलीनं मागच्या वेळी फॉर्म भरला. मुलींना फी माफ आहे हे तिला माहीतच नव्हतं, फॉर्म भरून देणाऱ्यानं फी म्हणूनही पैसे घेतले आणि वर आपली मजुरीही घेतली, शिवाय डिव्हिजन, म्हणजे पोस्टाचा कुठला विभाग हवा ते, भलतंच टाकलं. घरापासून २०० किलोमीटरवरचं गाव मिळालं, तिथं खोली घ्या, राहा, आणि १० हजारांत भागवा. ती गेलीच नाही. दोन दिवस रडत होती. जाहिरातीत सगळं लिहिलेलं होतं हो, पण एवढी लांबलचक जाहिरात वाचायला कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून संपादक साहेब एक विनंती. तुमच्या पेपरात नोकरीच्या पानावर "पोस्टात मेगाभरती, परीक्षा नाही" असा मथळा मोठ्या टाइपात येतो आणि खाली पात्रता दहावी पास एवढंच असतं. पुढच्या भरतीच्या वेळी त्याच चौकटीत जागेची अट, राहण्याची अट, दुसऱ्या साधनाची अट, फी कुणाला माफ आहे ते आणि डिव्हिजन आपणच बघून निवडा हे पाच मुद्दे छापाल का? मजकूर लागला तर मी लिहून देतो, मानधन नको. अक्षर अजून बरं आहे, हवं तर टाइम्सच्या चार ओळी उतरवून दाखवतो. आणि हे पत्र लांब झालं म्हणून कापावं लागलं तर ट्रॉलपचं इजिप्त कापा, सायकलचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक रिटायर्ड पोस्टल असिस्टंट,
चिपळूण